तुरटी

अण्णांच्या सलूनच्या खणात तुरटीचा खडा असतो,
शाहूपुरी, तिसरी गल्ली.
वापरून वापरून गुळगुळीत,
मधोमध अंगठ्याएवढा खळगा.

मी वाढवते तिची चुलत बहीण,
लोखंडाची, फिकट जांभळी,
विद्यापीठाच्या तळघरात, काचेच्या भांड्यात,
सोन्याच्या तारांच्या जुडग्याभोवती.
तारा गुजरीत ओढून घेतल्या.
मोरेश्वर पोतदार म्हणाले, "नथीला?"
"नाही, उपग्रहाला."
त्यांनी वजन पुन्हा एकदा केलं.

अण्णांना सांगितलं:
चुंबक आला की कण न् कण सरळ उभा राहतो,
वस्ताद आल्यावर तालमीतली पोरं राहतात तसा,
आणि अंगातली धग टाकून देतो.
मग चुंबक हळूहळू काढून घ्यायचा.
कण सैलावतात, वाकडेतिकडे होतात,
पण वाकडं व्हायलाही ऊब लागते,
ती ते शेजाऱ्याकडून ओढतात.
शेजारी गार पडतो, पडत जातो,
थंडीच्या तळाशी जे शून्य आहे
त्याच्यावर जेमतेम अंशाचा विसावा हिस्सा.

"आणि एवढ्या गारव्यात ठेवायचं काय म्हणतीस?"
एक ठिपका. मोहरीहून लहान.
"बर्फाची फॅक्टरी परवडली की गं."

एप्रिलातला सोमवार. लाईट गेली.
चाळिसाच्या आसपास ही बया
स्वतःच्याच अंगच्या पाण्यात विरघळते.
काटा अडतिसावर. तीन महिन्यांची वाढ.
सोमवारी सलून बंद, म्हणून अण्णा आले,
स्कूटरवर दोन्ही पायांत माठ धरून,
गंगावेशीतला, नवा, पाझरता.
भांडं माठात, माठ वाळूत, वर ओलं गोणपाट,
आणि पेपरनं वारा घालत बसले
रात्री पावणेनऊपर्यंत,
गिऱ्हाइकाला डुलकी लागल्यासारखं हळू बोलत.

जगली ती.
यानात जाईल का, माहीत नाही.
फाईल बंगळुरात आहे.

गेलीच, तर
दीर्घिकांच्या कुठल्याशा पुंजक्यातून
माणसाला माणूस म्हणायच्याही आधी निघालेला
एक क्ष-किरण, एकच,
त्या ठिपक्यावर पडेल.
ठिपका तापेल, अंशाचे एक-दोन हजारांश,
तेवढ्यावरून कळेल
तिकडच्या कुठल्या लोखंडातून तो उठला.
मग इकडची लोखंडाची तुरटी
ती ऊब पिऊन टाकेल.
ठिपका पुन्हा गार. पुन्हा रिकामा.

आज अण्णांनी कुणाची तरी दाढी उरकली,
खडा पाण्यात बुडवला, गालावर फिरवला,
आणि नेहमीसारखं विचारलं,
"झोंबलं का?"