डभोईपेक्षा जवळ

सव्वीस किलोमीटर. प्रधानांनी दोनदा मोजलं,
एकदा पट्टीने, एकदा दोऱ्याने,
कारण रस्ता द्राक्षमळ्यांतून वळतवळत जातो
आणि पट्टीला वळणं कळत नाहीत.
"म्हणजे डभोईपेक्षा जवळ," मी म्हटलं.
"डभोईला व्हिसा लागत नाही, विनता," ते म्हणाले.

महिनाभर जेवणाच्या टेबलावर स्पेन पसरलाय.
आम्ही कडेकडेने जेवतो.
एब्रो नदीवर वरणाचा डाग पडलाय,
तिथे पूल समजायचा.
गावांवर सुपाऱ्या ठेवल्यात.
मधली सारखी घरंगळते.
ब्रियोनेस. टेकडीवरचं गाव, घरंगळणारच.

जिथून निघायचं त्याचं नाव हारो लिहितात
आणि त्यातला ह बोलायचा नाही.
आमचा भाजीवाला सारोला हारो म्हणतो,
दुधी हारो, भाव हारो, बेनना सोकराय हारा.
त्या हारोतला ह काढून टाकला
की उरतं आरो,
स्वयंपाकघरात भिंतीवर गुरगुरणारं पाण्याचं मशीन.
वाईनच्या गावाचं नाव
बडोद्याने आधीच पाण्याला देऊन टाकलंय.
यावर प्रधान हसले नाहीत.
नंतर, दात घासताना हसले.

दर्जीपुऱ्याला आरटीओत परदेशी लायसन्सचा फॉर्म भरला.
खिडकीतल्या मुलाने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बेन, तमे चलावशो?"
"हुं ज."
माझं वय त्रेसष्ट. ह्यांचा डावा डोळा गणपतीत गेला,
आरतीच्या वेळी म्हणाले, अर्धा मांडव दिसत नाहीये.
तेव्हापासून स्टिअरिंग माझ्याकडे
आणि रस्ता कसा आहे ते सांगणंही माझ्याकडे.

खत कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट सांभाळलेला माणूस,
त्याने सहल लॉगशीटवर आखली.
१०:१० प्रयाण. १०:३५ नदी, फोटो दोन.
११:०५ ते ११:५० तळघर, पिंपं, चव.
१२:१५ दुसरं तळघर.
पाने लाल असण्याची शक्यता: जास्त.
शेरा: चालकाने थुंकणे.

"म्हणजे कोणी?"
"तिथे तशी पद्धत आहे. छोटी बादली ठेवतात."
यांच्याकडे हेल्थ परमिट, डॉक्टरच्या सहीचं,
आणि मी आयुष्यात द्राक्षातलं काय घेतलं,
तर रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, तब्येतीसाठी.
आठ हजार किलोमीटर जाऊन
मी बादलीत थुंकू?
एवढ्यासाठी इथे खंडेराव मार्केटच्या कोपऱ्यावर
पानवाले काय कमी आहेत?

दोन दिवस कागदावर काही हललं नाही.
सुपाऱ्या तेवढ्या मी उचलून पुन्हा ठेवल्या, धूळ पुसायला.

आज सकाळी चहाला आले तर
दुसरं तळघर खोडलेलं. तिसरंही.
लाग्वार्दियाच्या कोटाबाहेर, पार्किंगच्या खुणेपाशी,
१३:०० वि. चा ग्लास. पूर्ण.
त्याच्यापुढे १३:२० पासून ते १८:०० पर्यंत
रकाना रिकामा.
मी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.
ह्यांनी रेषा आखल्या होत्या, वेळ लिहिली होती
आणि पुढे काहीच भरलं नव्हतं.
"इथे काय करायचं?"
"उतरेपर्यंत बसायचं," कप बशीत ठेवत म्हणाले.
"भिंतीला टेकून. तू सांगशील मला,
डाव्या बाजूला काय काय आहे ते."

मी गाडी काढली, सराव म्हणून, अकोट्याच्या पुलापर्यंत.
तिथे सगळं उलटं असतं,
सिग्नलची दांडी डाव्या हाताला,
म्हणून आजपासूनच डावा हात शिकवायचा ठरवलं.
वळताना दाबली,
आणि ऑक्टोबरच्या कोरड्या काचेवर
वायपर फिरायला लागले, खरड खरड.
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
मी लगेच बंद केले नाहीत.