आधी दिवा

मिरजेचा तौफिक मॉनिटर बदलायला आला आणि
जाता जाता म्हणाला, रात्री वेळ असतोय की तुम्हाला,
एक खेळ टाकलाय बघा. चित्रंबित्रं नाहीत.
वाचायचं आणि टाइप करायचं. दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरायचं.

म्हटलं, त्यातलं निम्मं तर मी दिवसभर करतोच.
राजापुरी, एकशे बारा पोती. कडप्पा, चाळीस.
हमाली, तोलाई, बारदान वजा.

शटर अर्धं खाली. मार्केट यार्डात एक कुत्रं,
ताडपत्री बांधलेले दोन ट्रक,
आणि सगळ्यावर ती पिवळी धूळ,
कीबोर्डच्या फटीत एकोणीस वर्षं मुरलेली.
एंटर दाबला की जराशी उडते.

काळा पडदा.
कोपऱ्यात एक रेघ, उघडझाप करणारी.
रस्ता नाही, गाडी नाही, बंदूक नाही.
थोडा वेळ मी तिच्याकडं आणि ती माझ्याकडं.
मग लिहिलं : नमस्कार.
उत्तर आलं : अशी आज्ञा नाही.

हसू आलं.
शेठनं सुद्धा कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

हेल्प लिहिलं तर
पेव फुटल्यागत शब्द सांडले खाली.
त्यातला एकच कळला : स्कॅन.

कळला, कारण आप्पा.
हरिपुरात हळदीच्या पेवात उतरायचे आमचे आप्पा.
तोंड एवढंसं, माणूस जेमतेम जाईल,
आत पोट मात्र खोलीएवढं, आणि कोंडलेली हवा.
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचे.
विझला तर वर बसून तंबाखू मळायची.
तेवत राहिला तरच पाय आत.
आधी दिवा, मागनं माणूस, म्हणायचे.
पाच सालच्या पुरात पेवं गेली. आप्पा त्याच्या आधीच.

तर मी दिवा सोडला एका पत्त्यात.
मालकाचं नाव कावळा९.
दिवा परत येऊन सांगतो : तीन दारं, एक उघडं.
पासवर्ड एक दोन तीन चार.
छातीत असं धडधडलं, खोटं कशाला सांगू,
जसं दहावीत मुख्याध्यापकांच्या खोलीत
एकटा उभा होतो तेव्हा.

आत अकरा नाणी.
आणि एक फाइल, इंग्रजी अक्षरांत मराठी :
आईची गोळी रात्री नऊ. दूधवाल्याचे ३४०. गॅस नंबर लावणे.

खेळात कुणी असलं ठेवतं का?
नाण्यांना हात लावला नाही. आलो बाहेर.

दहा मिनिटांत माझ्याच पडद्यावरच्या ओळी
माझ्याशिवाय हलायला लागल्या.
माझी चाळीस नाणी गेली, चाळीसच्या चाळीस,
आणि खाली एक ओळ राहिली :
पाव्हणं, पाय पुसून जायचं असतंय.

लॉग. तो पुसायचा असतो, हे यादीत
सतराव्या ओळीवर होतं. मी सहापर्यंत वाचलेलं.

पण पाव्हणं!
जगात कुठंही बसला असता हा माणूस,
आणि या एका शब्दानं
कृष्णेच्या अलीकडं येऊन बसला.
विचारलं, कुठलं गाव?
रेघ उघडझाप.
विचारलं, गोळी दिली का?

पावणेदहा झालेले.
रेघ बराच वेळ तशीच.
कुत्रं एकदा उठून जागा बदलून परत झोपलं.
मग : आयला. थांबा.
आणि तो जो गेला
तो माझी नाणी तशीच ठेवून गेला, म्हणजे
त्याच्याकडंच. परत नाही दिली.

मशीन बंद करायच्या आधी
दुकानाच्या हिशेबाचा पासवर्ड बदलला.
शेठनं ठेवलेला होता : हळद.
नवा सांगणार नाही.

कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं.
मग फटीतनं दिसलं, आत दिवा राहिलाय चालू,
आणि फरशीवरच्या धुळीत माझ्या चपला,
खुर्चीपासून दारापर्यंत, आणि मध्ये
एका जागी नुसत्याच घोटाळलेल्या.
सकाळी सातला सत्यव्वा झाडायला येते.
एकोणीस वर्षं ती हे रोज वाचते
आणि मग पुसते.