कंगोरे

मुनाफ परकारने गाडीच्या टपावरून सोडली
मोडक्या पॅलेटची पाच फळकुटं.
"वहिनी, शिक्का बघा, फिनलंडचं लाकूड.
कागदाची रिळं घेऊन आलं शुवैब्याला,
आता कुणाला नको.
आमच्यासारखं म्हणू नका."
मी म्हटलं नाही.

शुक्रवारी, खालच्या मशिदीतली गर्दी पांगल्यावर
चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत जुनी चादर अंथरली.
अच्युत उत्तरेला, रिगवर. चौदातला सहावा दिवस.
त्याला सांगितलं नव्हतं.
म्हणाला असता, मॉलमध्ये सहा दिनारला मिळते,
स्क्रूसकट.

खिळा उपटताना लाकूड ओरडतं.
आधी मला वाटलं शेजारची मांजर.
एकवीस खिळे निघाले, एक तुटून आतच राहिला,
त्या जागेला मी गाठ म्हणायचं ठरवलं.

कापून झालं. पण सरळ कड बघवेना,
नुसती कड म्हणजे दुकानातलं काहीतरी.
आमटीची वाटी उपडी ठेवली,
भोवती पेन्सिल फिरवली, अर्धा गोल,
सरकवली, पुन्हा अर्धा गोल.
हिशेबाने सतरा कंगोरे बसायला हवे होते.
साडेसोळा बसले.
(दिवसभर एजंटच्या ऑफिसात इनव्हॉइस जुळवणारी मी.)
ते अर्धं खिडकीकडच्या टोकाला ढकललं,
पाहुणे तिकडून बघत नाहीत.

चहाचा दाट काढा चोळला रंगाला,
वर जवसाचं तेल.
तेल ओलं असतानाच आभाळ पिवळं झालं.
फहाहील दिसेना, समुद्र दिसेना,
समोरच्या इमारतीवरच्या डिश दिसेनात.
दारं लावली तरी फळीवर वाळू बसली.
पुसली. बसली.
शेवटी तिच्यासकट दुसरा हात दिला.
अजून बोट फिरवलं तर लागते.

मग भिंत.
ड्रिल दोन बोटं आत गेलं
आणि पोकळीत नुसतंच फिरत राहिलं.
पांढरी माती सांडली सोफ्यावर.
बेल वाजली.

हारिस. अबू वाएल, मन्सूऱ्याचा,
हातात किल्ल्यांचा जुडगा, पायात दोन वेगळ्या चपला.
"मम्नूअ," म्हणाला. करारात आहेच ते.
मी काही न बोलता फळी पुढे केली.
त्याचा अंगठा कंगोऱ्यांवरून चालत गेला,
चढ, उतार, चढ, उतार,
साडेसोळाव्याशी अडखळला.
हसला नाही.
मग भिंतीला कान लावून बोटाने ठोकत निघाला
डॉक्टर छाती तपासतात तसा.
"इथे नको. इथे सिरियन होता, घड्याळ.
इथे मनिलाची नर्स, येशू.
इथे, कोण बरं, टीव्ही. फार मोठा. पडला."
भिंत तर मला कोरी वाटायची.
अकरा वर्षं तो बोटानेच पुट्टी भरतोय,
सांगताना बोटही दाखवलं.

"खांब इथे आहे."
माझ्या कानावरची पेन्सिल काढायला सांगितली,
जी मी तासभर शोधत होते,
आणि दोन फुल्या मारल्या.
दारात वळून म्हणाला, अर्धं हिंदी अर्धं अरबी,
मी आलोच नव्हतो.
आणि जाताना सांगा, ही पण भरून देईन.

जाताना.
मी माती झाडत बसले बराच वेळ.

पाणसळ नव्हती घरात.
गुलाबपाण्याची बाटली अर्धी करून आडवी ठेवली,
बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरला.
खालून ट्रेलर गेला. बुडबुडा हलला.
परत आला.
स्क्रू पिळला.

तीन दिवस ठरेना काय ठेवायचं.
तांब्या फार जड, फोटो फार फोटो,
कॅक्टस नको, तो बाहेर पुष्कळ आहे.
चौथ्या रात्री अच्युतने व्हिडिओत विचारलं,
"मागे ते काय?"
"फळी."
"आणि वर?"
मी वळून पाहिलं.
आमटीची वाटी. उपडी. काठाला शिसं लागलेली.
घसरते का बघायला मीच ठेवली होती.
घसरली नव्हती.
"शोभेची आहे," म्हटलं,
आणि आमटी पेल्यातून प्यायले.