रिकाम्या गाडीचं वजन

प्लास्टिकचा पेला, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढा.
तीस मिली. पंधरा मिनिटं पुरवायचा.
"घोट नाही घ्यायचा," सिस्टर जिन्सीनं बजावलं,
"नुसते ओठ ओले करत राहा."
खिडकीबाहेर सोहारचा जून, शेहेचाळीस अंश,
आणि मी पाण्याशी असा वागतोय
जणू शेजाऱ्याकडून उसनं आणलंय.

पोटावर पाच भोकं, पाच पट्ट्या.
आतला वारा खांद्यात येऊन दुखतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.
रूमवर लियाकत परकार मला चालवतो,
किचन ते गॅलरी, गॅलरी ते किचन,
स्वतः रात्रपाळी करून आलेला.
हल्ली तो कालवण दार लावून करतो.
वास दाराला जुमानत नाही.
मी उशीत तोंड खुपसून ओळखत बसतो:
आज सुरमई. आज कोकम जास्त पडलं.

अठरा वर्षं मी बंदराच्या काट्यावर बसलोय.
भरली गाडी वजा रिकामी गाडी बरोबर माल.
पावती फाडायची, पुढची गाडी बोलवायची.
डॉक्टरनं माझं ऐंशी टक्के पोट कापून काढलं,
त्याची पावती कुणी फाडली असेल?

आहाराच्या फॉर्मवर एक प्रश्न होता:
जास्त खाणं केव्हापासून?
मी लिहिलं, थायरॉईड.
खरं म्हणजे बाबा गेले तेव्हा
माझा विसा नूतनीकरणाला अडकला होता.
तेराव्याच्या दिवशी चिपळूणला पानं वाढली गेली
तेव्हा मी इथे, मासळीबाजारामागे, बंद गाडीत,
मांडीवर एक किलो जिलबी.
पहिली त्यांच्या नावानं.
बाकीच्या कुणाच्या नावानं, आठवत नाही.
एसी चालू होता. पाक मात्र स्टिअरिंगला लागला
आणि बरेच दिवस हात चिकटत राहिले.

सहा आठवड्यांनी कामावर.
संध्याकाळी हायपरमार्केटात फेऱ्या मारतो,
बाहेर चालण्यासारखी हवाच नाही.
तांदळाच्या गोण्या, तूप, फरसाण, पुन्हा तांदूळ,
हातात टोपली न घेता बारा फेऱ्या.
सिक्युरिटीवाला आता सलाम करतो,
पहिल्या आठवड्यात पाठलाग करायचा.

तिसऱ्या महिन्यात केस गेले, मूठमूठ.
अंगठी धुण्याच्या पाण्यात गेली, लियाकतनं जाळीतून काढली.
मृदुला फोनच्या पडद्यावर बराच वेळ बघत राहिली.
"कपाळ अगदी मामंजींसारखं दिसायला लागलंय हो."
मग म्हणाली, गोळ्या घेतल्या का?
मी घेतल्या होत्या. तरी पुन्हा उठलो,
म्हटलं डबी बघतो,
आणि बाथरूमच्या आरशासमोर उभा राहिलो.

आमचा काटा वीस किलोच्या पटीत मोजतो.
त्याखालचं त्याला कळत नाही.
ऑपरेशनच्या आधी एका रात्री, गाड्या नसताना,
मी एकटा त्यावर चढलो होतो: एकशे चाळीस.
परवा चढलो: एकशे वीस.
दवाखान्याचा काटा एकशे अकरा म्हणतो.
म्हटलं, असू दे, माझाही लगेच विश्वास बसत नाही.

काल गुल जमान आला, खडी भरून.
डॅशबोर्डवर ओल्या खजुराची थैली, हंगाम संपत आलेला.
"एक तो लो, भाई. पतले हो गए, बीमार लगते हो."
एकाचे चार केले. चौथा भाग तोंडात,
बत्तीस वेळा चावला.
तरीही घाम फुटला, छाती धडधडली,
तो हसायचा थांबला,
स्वतःची गादी काढून खाली टाकली, मला बसवलं,
आणि मागच्या गाड्यांचे भोंगे वाजत असताना
त्यांना हातानं थांबवत उभा राहिला.

तासाभरानं माल उतरवून परतला.
रिकामी: पंधरा टन आठशे ऐंशी.
रिकामी म्हणायचं, पण त्यात इंजिन,
अर्धी टाकी डिझेल, जपमाळ,
सनशेडला चिकटवलेली दोन मुलं,
आणि ती गादी, परत जागेवर.
मी पावती दिली. त्यानं पुढची बाजू वाचली,
मग उलटून मागची कोरी बाजूही बघितली, सवयीनं.

फोनचा गजर वाजला.
तीस मिली.