अडीच मिनिटांचं गाणं

केतकी सहा वर्षांची असताना
जलपरीच्या त्या सिनेमाची तबकडी तिनं इतक्यांदा लावली
की नेमकी आवडत्या गाण्यावर चरा पडला.
'किनारा' म्हणताना जलपरीला
तीन उचक्या लागायच्या,
मग ती पोहत पुढे.
केतकी उचक्यांसकट शिकली गाणं.
त्या मुळात नाहीत हे तिला कॉलेजात कळलं
आणि ती रागावली, माझ्यावरच.

आता मोरकॅमला, जिथला समुद्र
दिवसातून दोनदा गावाकडे पाठ करून मैलभर निघून जातो,
चर्चच्या हॉलमध्ये हौशी मंडळी
त्याच जलपरीचा खेळ करतात,
आणि कपडेपट माझ्याकडे.

पडद्यावर शेपटीचे पाय व्हायला
चिमूटभर चमचम पुरते.
रंगमंचावर लागतात
बावीस हुक, दोन नाड्या
आणि गुडघ्यांवर बसलेली मी.
तेवढ्यासाठी कुणीतरी एक गाणं जास्तीचं लिहिलंय.
सिनेमात ते नाहीच.
पडदा पडतो, पुढे एक दीपगृहवाला येतो,
काच पुसत पुसत गातो :
तेल किती उरलं, वात किती कातरली,
आज कुठली होडी परत आली नाही.
कथेत त्याचं काही अडत नाही.
नंतर तो दिसतसुद्धा नाही.
लोक तेवढ्यात खोकून घेतात,
पोरांना शू लागते.

क्लिफर्ड म्हणतो ते. एकतीस वर्षं
लँकेस्टरची बस चालवलेला माणूस.
वेळेआधी थांबा सोडायचा नाही,
ही सवय गळ्यातही मुरलेली.

मला तो दिसत नाही.
पडद्याच्या फटीखालून फक्त त्याचे बूट.
बगलेत टॉर्च, ओठांत टाचण्या,
खांद्यावर टॅमसिनचा थरथरता हात,
तिची पावलं बर्फासारखी.
गाणं मला मागच्या बाजूनंच ठाऊक आहे,
जशी भरतकामाची उलटी बाजू :
गाठी, ओढलेले दोरे,
दम घ्यायच्या जागा.
'तेल' आलं की आठवा हुक.
'वात' आली की चौदावा.

गुरुवारी सोळावा जाळीत अडकला.
ओढला तर फाटणार. सोडवावा तर बोटं ओली.
पलीकडे शेवटची होडीही न येऊन झाली,
पेटीवाल्या बाईंनी शेवटचा सूर धरला,
आणि माझ्या तोंडून 'अगं बाई' निसटलं,
सोबत एक टाचणी.

बूट हलले नाहीत.
क्लिफर्डनं खाकरून पुन्हा मोजायला घेतलं,
संहितेत नसलेल्या होड्या :
टॉरिसहोम आली नाही,
स्केल हॉल आली नाही,
बेअर तर कालपासून नाही...
हॉलमध्ये आधी एक हसला, मग सगळे.
बसचे थांबे होते ते, त्याच्या जुन्या मार्गावरचे.
हेस्ट बँकपाशी मात्र
तो इतका हळू झाला, की हसू आपोआप विरलं.
कुणीच खोकलं नाही.
सतरा. अठरा. एकोणीस.
बाविसाव्याला मी पडद्याला हात लावला.
बूट वळले.

चहाच्या वेळी मी त्याला दोन बिस्किटं जास्त दिली.
तो म्हणाला, आज ट्रॅफिक होतं.

शनिवारी केतकी लीड्सहून आली, तिसऱ्या रांगेत बसली.
नंतर आम्ही बंधाऱ्यावर चिप्स खात होतो.
समुद्र गेलेला, नुसता ओला काळोख
आणि पलीकडे ग्रेंजचे दिवे.
सगळं मस्त होतं, ती म्हणाली,
फक्त त्या कंदीलवाल्याचं रटाळ झालं.
सिनेमात कुठे होतं ते?
मी तेवढ्यात आइस्क्रीम आणलं.

मी हं म्हटलं.
व्हिनेगरची बोटं चाटत
ती तिचं गाणं गुणगुणायला लागली,
किनाऱ्याशी आली, तीन उचक्या,
पुढे गेली.

माझ्या मनात दुसरंच चाललं होतं.
'तेल'च्या जरा पुढे असेन,
तेवढ्यात ती थांबली.
आई, एवढ्या वाऱ्यात
कोटाची बटणं का सोडतेयस?