अंगावर घेणं

सांगलीत पिवळं म्हटलं की
माणूस आधी स्वतःचा हात हुंगतो.
मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याला
नुसतं टेकून गेलं तरी सदऱ्यावर खूण राहते,
आणि ती कुणी झटकत नाही.

कुपवाडला शेडच्या मागे, गटारीच्या तोंडाशी
दुसरं पिवळं आहे.
बरणीत धरून उन्हात बघितलं तर देखणं,
कुणी पाहुण्यापुढे ठेवावं असं.
बोटावरच्या चिरेत थेंब गेला
तर पंधरवड्यानं तिथे खड्डा पडतो.

"क्रोम हाय ते," रशीद शिकलगार म्हणतो.
आज्जानं तलवारींना धार लावली,
यानं बावीस वर्षं मोटरसायकलच्या मडगार्डांना चकाकी दिली
टाकीवर वाकून, वाफेत.
नाकाच्या मधला पडदा केव्हाच आरपार झालाय.
"हिकडनं घेतलेला वास तिकडनं जातोय,
मधी थांबतच न्हाई,"
सांगतो, आणि स्वतःच हसतो.

मी जतच्या एका घाण्यावरून
पोत्यानं टरफलं आणते.
मगदूमशेठ दारात उभे: "मॅडम, शेंगा कुणी खाल्ल्या?"
शाळेतला तो धडा आम्हा दोघांनाही पाठ.
शेंगा आम्ही खाल्ल्या नव्हत्या, शेठ.
टरफलं उचलायला मात्र कुणीतरी लागतं.

धुवायची, पत्र्यावर वाळवायची,
मग झाकणबंद डब्यात, हवा कोंडून, भाजायची.
जळू द्यायची, पण राख होऊ द्यायची नाही.
सगळी कला एवढीच.
उरतो तो कोळसा चमचाभर घ्या:
आतल्या भोकांची, भोकांतल्या भोकांची घडी उलगडली
तर त्यावर कुस्त्यांचं मैदान भरेल,
हलगीवाल्यासकट.

पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात.
सरांनी फळ्यावर 'अधि'खाली
दोन रेघा ओढल्या होत्या. खडू मोडला होता.
शोषण करणारा आत ओढतो, गिळतो, फुगतो.
हा गिळत नाही.
अंगावर घेतो.

चार इंची पाइप, कमरेइतका उंच, कोळशानं ठासलेला.
वरून पिवळं सोडलं.
खाली बाटलीत थेंब, थेंब, मग धार.
परीक्षानळीत औषध टाकलं की
क्रोम असेल तर पाणी जांभळं होऊन बोंबलतं.
आम्ही दोघं नळीकडे बघत राहिलो.
पंखा फिरत होता. बाहेर ट्रक मागे घेत होते.
"गप हाय की पाणी," रशीदभाई म्हणाले.

अकरा दिवस गप.
बाराव्या दिवशी नळीच्या बुडाशी
नखाएवढा गुलाबी रंग.
एकेका भोकात कुणीतरी बसलेलं होतं,
आणि नव्यानं येणाऱ्याला जागा नव्हती.

"मग आता ह्याचं काय?"
कॉस्टिकनं धुवायचं.
बसलेलं उठतं, तेच पिवळं, आता एका बरणीत, दाट.
पुन्हा भरायचा. पुन्हा धुवायचा.
चौथ्यांदा कोळसा दमतो.
मग जाड पिशवी, लाल चिठ्ठी,
आणि कुठल्यातरी लांबच्या खड्ड्यात
प्लास्टिकच्या अस्तरावर त्याची जागा.
म्हणजे नाहीसं काहीच होत नाही, रशीदभाई.
पाण्यातून निघतं आणि
कुणाच्या तरी अंगावर बसतं.

ते काही बोलले नाहीत.
नाक पुसलं.

मी वहीत लिहिलं: कॉलम बदलला.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं सुचेना,
रिकामाच ठेवला.
त्यांनी पाइप विसळला, नवा कोळसा ओतला,
काठीनं ठोकून बसवला,
आणि सवयीनं तळहात नाकाशी नेला.
थांबले.
"तू बघ गं जरा. वास हाय का ह्याला?"

मी हुंगला माझा हात.
"आहे."
"कसा?"
परातीत शेंगा भाजताना पहिली करपते ना,
आणि आई आतून ओरडते,

म्हणाले, "व्हय व्हय. सांग पुढं."