तिथीची पाऊणपट

धाकू पालशेतकर दार बसवायला आला
तेव्हा नदी घोट्याएवढी होती.
ठेकेदाराच्या टेम्पोतून उतरला,
नाल्याच्या तोंडाशी उकिडवा बसला
आणि कृष्णेकडं बघत म्हणाला,
"भरती किती वाजता?"
इनूस मुजावर इतका हसला
की त्याच्या हातातला पान्हा पाण्यात पडला.

सांगलीत भरती नसते, आम्ही सांगितलं.
समुद्र घाटापलीकडं, आणि घाटच लांब.
इथं कोयनेतून सोडतात,
ते एक रात्र नि एक दिवस चालत येतं
आणि आयर्विनच्या खांबावरचे आकडे गिळत वर चढतं.
"म्हणजे भरतीच की," तो म्हणाला.
"फक्त चंद्राऐवजी साहेब."

त्याचा बाप वाशिष्ठीच्या खाडीवर उघाडी सांभाळायचा.
खाजणाच्या बांधात लाकडी झडप:
बाहेरून दर्या रेटायला लागला की आपोआप मिटणारी,
सुकती लागली की शेतातलं पाणी सोडत
आपोआप उघडणारी.
बापानं फक्त फटीतला पाला काढायचा
आणि तिथी मोजायची.
तिथीची पाऊणपट, ती भरतीची वेळ.
चतुर्थीला तीन.
अष्टमीला सहा, पण ती भांगाची, मरतुकडी.
शाळेत पाऊणकी घोकताना
आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं
ही लागते कशाला.

आमचं दार लोखंडी.
वरून चाक फिरवायचं, हुकूम ऑफिसातून फोनवर.
पाणी अमुक फुटावर आलं की दार पाडा.
पाडलं की नदी बाहेर, हे खरं,
पण गावावर पडलेला पाऊस आत,
आणि त्याला बाहेर काढायला मी
नि माझे दोन पंप,
त्यातला एक कायम रुसलेला.

श्रावणात वारणा फुगली.
बाजारच्या दिवशी बोळात म्हैस अडावी
तशी हरिपुराच्या संगमात कृष्णा अडली
आणि मागं मागं सरकत आमच्या दाराशी आली.
रात्री अकराला फोन: पाडा.
मी चाकाला हात घातला.
धाकूनं मनगट धरलं.
"थांब. आतलं अजून उंच आहे."

बॅटरी टाकली. काठी दोन्हीकडं बुडवली.
आत चार बोटं जास्त.
नाला अजून नदीत पडत होता,
हळू, पण पडत होता.
"शेवटची सुकती. जाऊ दे तिला."

फोन वाजत राहिला.
मुजावर पावसात ओरडून मोजत होता.
तीन बोटं.
तीनच.
दोन.
वरच्या गल्लीतल्या बायका गॅलरीतून विचारत होत्या
दार पाडलं का, दार का नाही पाडलं.
एक.

मग एक वेळ अशी आली
की एक चप्पल, निर्माल्याची पिशवी, अर्धी करवंटी
दाराखाली येऊन नुसती थांबली.
ना शहराची, ना नदीची.
"आता," धाकू म्हणाला.
जे चाक एरवी दोघांना आवरत नाही
ते माझ्या एका हातानं फिरलं.

नोटीस आली. पाऊण तास उशीर का झाला?
मी लिहून दिलं, दार जड होते.

धाकू दिवाळीआधी गेला.
जाताना म्हणाला, कोयनेचं पाणी आमच्याकडंपण येतं,
डोंगराच्या पोटातून, वीज करून, खाडीत.
मी पन्नास वर्षं त्या नदीकाठी राहिलो
आणि धरणाला पाठ असते हे माझ्या ध्यानात नव्हतं.
पावसाळ्यात आता तो फोन करतो.
"सोडलंय का?"
"तुमच्याकडं?"
एवढंच बोलणं, मग थोडा वेळ दोन्हीकडचा पाऊस.

उन्हाळ्यात दार उघडंच असतं.
मी ग्रीस लावायला जातो.
आज द्वादशी. बारा पाऊण नऊ.
नऊ वाजता, काही कारण नसताना,
काठी बुडवली. आत. बाहेर.
तळाशी मुजावरचा पान्हा दिसत होता,
गंजलेला, तोंड पश्चिमेला.
हात पोचला असता.